नऊ माणसांच्या दुकानाला कायदा का नको?

दुकान टाकायचे, खानावळ काढायची, क्लास किंवा पार्लर सुरू करायचे म्हटले की महाराष्ट्रात पहिला सल्ला ठरलेला असतो: आधी ‘गुमास्ता’, म्हणजे दुकान नोंदणीचा कागद, काढून घ्या. बँकेत चालू खाते उघडताना तो मागतात, कर्जाच्या फाइलीला तो जोडावा लागतो, कार्डाचे मशीन घेतानाही विचारतात. मग ई-सेवा केंद्रात किंवा कर सल्लागाराकडे आधार, पॅन, जागेचा भाडेकरार आणि पाटीसह दुकानाचा फोटो दिला जातो. हाती आलेला कागद लॅमिनेट होऊन गल्ल्यामागे लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी लागतो. हा कागद मुळात कामगार कायद्याखालचा आहे आणि दुकानात राबणाऱ्या माणसांशी त्याचा काही संबंध असायला हवा, हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नसते. त्यात दुकानदाराचा दोष नाही. दहापेक्षा कमी कामगार असतील तर, मराठी पाटीचा नियम सोडून, दुकान कायदा मालकाकडून एवढेच मागतो की, व्यवसाय सुरू केल्याचे ऑनलाइन कळवा आणि पोचपावती घ्या. लहान व्यावसायिकाला कागदपत्रांच्या जाचातून सोडवायचे, हा त्यामागचा हेतू रास्तच होता. पण कागदांचे ओझे उतरवताना सरकारने कामगारांचे हक्कही त्याच गाठोड्यात बांधून बाजूला ठेवले. सवलत अर्जात, शुल्कात आणि नोंदवह्यांत द्यायला हवी होती. ती आठवड्याच्या सुट्टीत, कामाच्या तासांत आणि भरपगारी रजेत दिली गेली. लहान धंद्याची नोंदणी सोपी करणे आणि त्यातल्या माणसाला कायद्याबाहेर ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली करण्यासाठी दुसरी करण्याची काहीच गरज नाही.

जुन्या कायद्याचा अनुभव वाईट होता, हे आधी मान्य करायला हवे. १९४८ चा मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम सुमारे सत्तर वर्षे चालला. तो लागू असलेल्या गावाशहरांत नोकर असो वा नसो, दुकानाची नोंदणी करावी लागे आणि तिचे नूतनीकरणही करावे लागे. दुकान किती वाजता उघडायचे, किती वाजता बंद करायचे, आठवड्यात कोणत्या वारी बंद ठेवायचे, हे सगळे ठरवून दिलेले असे. परिणामी वेळ टळल्यावर शटर अर्धे ओढून आत गिऱ्हाईक करायचे आणि निरीक्षक आलाच तर त्याचे काय ते बघायचे, ही रीत बनली. केंद्र सरकारने २०१६ मध्ये राज्यांसाठी आदर्श कायद्याचा नमुना मंजूर केला आणि त्या धर्तीवर महाराष्ट्राने ‘महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७’ केला. १९ डिसेंबर २०१७ पासून तो लागू झाला. वर्षाचे ३६५ दिवस दुकान उघडे ठेवण्याची मुभा मिळाली, नोंदणी ऑनलाइन झाली, प्रमाणपत्र एकदम दहा वर्षांपर्यंत घेता येऊ लागले, निरीक्षकाचा ‘सुविधाकार’ झाला. या सुधारणा चांगल्या आहेत आणि त्या मागे घ्याव्यात असे कुणी म्हणणार नाही. आक्षेप आहे तो याच कायद्यात सुरुवातीलाच घातलेल्या एका अटीवर. पोचपावतीचे कलम सोडले तर हा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू करण्यात आला.

या अटीचा अर्थ काय, हे समजून घ्यायचे तर २०१७ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसांच्या दुकानात काय दिले ते पाहावे. दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, जादा कामाला दुप्पट दराने मोबदला, आठवड्यातून एक सुट्टी, वर्षाला आठ नैमित्तिक रजा, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि आणखी चार सणांच्या मिळून आठ भरपगारी सुट्ट्या, वर्षात २४० दिवस भरले तर दर वीस दिवसांमागे एक अर्जित रजा, ओळखपत्र, स्त्रियांना रात्रपाळीला ठेवायचे तर त्यांची संमती, सुरक्षा आणि घरी पोहोचवण्याची सोय. आता याच रस्त्यावरचे, याच मालाचे, याच भावाचे, पण नऊ माणसांचे दुकान घ्या. या कायद्याने तिथे यातले काहीही बंधनकारक नाही. तिथला हिशेब मालकाच्या वहीत असतो. त्यात ‘उचल’ लिहिलेली असते, ‘खाडा’ लिहिलेला असतो. मुलीच्या शाळेत जायला अर्धा दिवस घेतला तर खाडा, ताप आला तर खाडा, दुकानच बंद राहिले तरी काही ठिकाणी खाडाच. महिनाअखेरीस उचल आणि खाडे वजा करून जे उरते ते हातात पडते आणि ते कसे आले याचा कागद कामगाराकडे राहत नाही. मालक वाईट असतो म्हणून हे घडते असे नाही. दुसरे काही करायला हा कायदा त्याला सांगतच नाही.

अशी दुकाने अपवाद असती तर एवढा ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. पण सहाव्या आर्थिक गणनेचे (२०१३-१४) आकडे पाहिले की अपवाद कोणता आणि नियम कोणता हे कळते. देशात तेव्हा सुमारे ५ कोटी ८५ लाख आस्थापना मोजल्या गेल्या आणि त्यांतल्या दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापना फक्त १.३७ टक्के निघाल्या. एक ते पाच माणसांच्या आस्थापनांचे प्रमाण ९५.५ टक्के होते. महाराष्ट्राचा वाटा सुमारे ६१ लाख आस्थापनांचा, म्हणजे उत्तर प्रदेशाखालोखाल सर्वांत मोठा. या गणनेत दुकानांबरोबर इतर उद्योगही येतात आणि आकडेही आता जुने झाले आहेत. तरी दहाची रेषा आखली की जवळपास सगळे जग तिच्या खाली राहते, हे सांगायला तेवढे पुरे. कामगारांच्या बाजूने पाहिले तरी चित्र जुळते. केंद्राच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार बिगरशेती क्षेत्रातल्या नियमित पगारी नोकरांपैकीही सुमारे ५८ टक्क्यांकडे कामाचा लेखी करार नाही आणि जवळपास निम्म्यांना भरपगारी रजा नाही. हे रोजंदारीवरचे मजूर नव्हेत. दर महिन्याला पगार घेणारी माणसे आहेत. आणि आता रेषा आणखी वर सरकते आहे. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये दुकान कायद्यातील जी दुरुस्ती मंजूर केली, तिच्यात ही मर्यादा दहावरून वीसवर नेण्याचा, रोजचे तास नऊवरून दहा करण्याचा आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा १२५ तासांवरून १४४ तासांवर नेण्याचा निर्णय आहे. म्हणजे दुमजली साडी सेंटर, बरे चाललेले हॉटेल, दोन पाळ्यांत चालणारे औषधांचे दुकान, खासगी दवाखाना अशी दहा ते एकोणीस माणसांची ठिकाणेही नोंदणीतून सुटून पोचपावतीच्या वर्गात जाणार.

पोचपावतीने सरकारला काय कळते, हाही प्रश्न विचारायला हवा. अर्जात मालकाचे नाव, पत्ता, व्यवसायाचे स्वरूप आणि कामगारांची संख्या भरायची असते. ती संख्या मालक सांगेल ती. कामगारांची नावे त्यात नसतात. दुसरीकडे केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम पोर्टल सुरू केले आणि त्यावर असंघटित क्षेत्रातल्या तीस कोटींहून अधिक कामगारांची नोंद झाली. त्यात कामगाराचे नाव आहे, आधार आहे, व्यवसाय आहे. पण तो कुणाकडे काम करतो, याचा दुवा नाही. एका यादीत मालक आहेत, त्यांचे कामगार नाहीत. दुसऱ्या यादीत कामगार आहेत, त्यांचे मालक नाहीत. दोन्ही याद्या सरकारच्याच, दोन्ही आधारशी जोडलेल्या, आणि तरी त्यांची एकमेकींशी गाठ पडत नाही. कामगार खात्याला एखाद्या पेठेत किती दुकाने आहेत हे सांगता येईल, पण त्या दुकानांत कोण काम करते हे सांगता येणार नाही. मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवर एका फरसाणच्या दुकानाला लागलेल्या आगीत १२ कामगार गेले, ती तारीख होती १८ डिसेंबर २०१७, नवा कायदा लागू होण्याच्या आधीचाच दिवस. नोंदणीने आग विझत नाही, आणि त्या दुर्घटनेची कारणे वेगळीच होती. पण जिथे कामगार काम करतो तिथेच झोपतो अशा मुंबईतल्या हजारो गाळ्यांमध्ये आत कोण आहे याची नोंद असणे ही सुरक्षेची पहिली अट आहे, आणि ती पावतीने पुरी होत नाही.

लहान दुकानांपर्यंत पोहोचणे सरकारला जमत नाही, असे म्हणावे तर मराठी पाट्यांचा दाखला समोर आहे. २०२२ मध्ये याच कायद्यात दुरुस्ती झाली आणि देवनागरीतील मराठी पाटी सर्व आस्थापनांना, कामगार किती हे न पाहता, सक्तीची झाली. दहाच्या आतली दुकाने या बाबतीत सुटत होती म्हणूनच ती दुरुस्ती केली गेली. व्यापारी संघटना न्यायालयात गेल्या, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली आणि त्यानंतर मुंबई महापालिकेची पथके दुकानोदुकानी फिरली. दंडाचा हिशेबही प्रति कामगार दोन हजार रुपये असा होता. मराठी पाटी असावी, याबद्दल वाद नाही. मुद्दा एवढाच की, पाटीवरचे अक्षर केवढे हे मोजायला सरकार तीन माणसांच्या दुकानात पोहोचले, त्या दंडासाठी आतली माणसेही मोजण्याची सोय होती, पण त्याच माणसांना आठवड्याची सुट्टी मिळते का हे विचारण्याचा अधिकार त्याच कायद्याने त्या पथकाला दिलेला नाही. तेव्हा प्रश्न यंत्रणेच्या आवाक्याचा नाही. काय विचारायचे ठरवले आहे, याचा आहे.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की, कायदा लहान दुकानाला लावला की इन्स्पेक्टर राज परत येईल. या भीतीला आधार आहे. अमृत अमिरापू आणि मायकेल गेक्टर या अर्थशास्त्रज्ञांनी आर्थिक गणनेतील आस्थापनांचे आकारमान तपासून २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की, दहा कामगारांची रेषा ओलांडली की भारतातील आस्थापनांना माणसामागे पडणारा खर्च सुमारे ३५ टक्क्यांनी वाढल्यासारखा परिणाम दिसतो. धंदेवाला नवव्या माणसाशी थांबतो, किंवा निदान कागदावर थांबतो. व्यापारी संघटना हा निष्कर्ष कायद्याविरुद्धचा पुरावा म्हणून पुढे करू शकतात. पण त्याच अभ्यासात पुढे असेही आहे की, हा खर्च ज्या राज्यांत भ्रष्टाचार जास्त तिथे जास्त आहे. म्हणजे जाच तरतुदीपेक्षा ती राबवणाऱ्याच्या वागणुकीत अधिक आहे. त्यावर उपाय म्हणजे राबवणाऱ्याच्या हातातला मनमानी अधिकार काढून घेणे: अर्ज ऑनलाइन, तपासणी तक्रारीवरून किंवा संगणकाने काढलेल्या चिठ्ठीवरूनच, पहिल्या चुकीला दुरुस्तीची मुदत, दंड नंतर. यातला बराचसा भाग आपण २०१७ च्या कायद्याने करूनही बसलो आहोत. लाच मागणाऱ्याचा बंदोबस्त करण्याऐवजी कामगाराची सुट्टी रद्द करणे, हा दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला असा प्रकार झाला.

त्या अभ्यासातून निघणारा दुसरा धडा तर सरकारी धोरणाच्या थेट उलट जातो. नवव्या माणसापर्यंत काहीच नाही आणि दहावा आला की सगळे एकदम, असा कडा उभा केला की कुणीही त्याच्या अलीकडेच थांबणार. मग एकाच गाळ्याचे दोन परवाने होतात, एक नवऱ्याच्या नावावर आणि एक बायकोच्या. चार पोरे ‘कंत्राटदाराची’ म्हणून दाखवली जातात, दोन ‘शिकाऊ’ म्हणून. कडा दहावरून वीसवर सरकवल्याने तो कडाच राहतो, फक्त पुढचा धंदा एकोणीसवर अडतो आणि दहा ते एकोणीस माणसांच्या ठिकाणच्या सगळ्यांचेच हक्क जातात. वाढू पाहणाऱ्या धंद्याला कड्यापेक्षा पायऱ्या सोयीच्या. पहिल्या माणसापासून थोडे, दहानंतर आणखी काही, वीस आणि पन्नासनंतर आणखी. अशी रचना असली की पुढचा माणूस घेताना मालकाला हिशेबात एकदम खड्डा दिसत नाही, आणि माणसे लपवण्यात फायदाही उरत नाही.

दुसरा आक्षेप परवडण्याचा. लहान दुकानदार स्वतः चौदा तास गल्ल्यावर बसतो. मॉल आणि घरपोच माल पोहोचवणाऱ्या कंपन्यांनी त्याची मिळकत आधीच कुरतडली आहे. त्याने भरपगारी सुट्ट्या कुठून द्यायच्या? या प्रश्नाचे उत्तर आकड्यांतच द्यायला हवे. आर्थिक गणनेत सुमारे ७२ टक्के आस्थापना अशा निघाल्या की जिथे पगारी माणूस एकही नाही. घरचीच माणसे राबतात. त्यांना इथे सुचवलेल्या कशाचाही एक रुपया खर्च नाही. उरल्या त्या नोकर ठेवणाऱ्या आस्थापना. समजा, तिथे एखाद्याला महिना १५ हजार पगार आहे, म्हणजे दिवसाचे ५०० रुपये. वर्षाच्या आठ सुट्ट्या आणि आठ नैमित्तिक रजा, अशा सोळा भरपगारी दिवसांचे झाले ८ हजार. वर्षाच्या १ लाख ८० हजार पगारावर हा साडेचार टक्क्यांच्या आतला बोजा आहे. तोही पूर्ण नवा नाही, कारण दिवाळीची, १५ ऑगस्टची किंवा गावच्या जत्रेची एखादी सुट्टी बरेच मालक आजही पगार न कापता देतात. हा खर्च शून्य नाही, हे खरे. पण जो धंदा माणसाला वर्षातून सोळा दिवस विश्रांती देण्याने बसतो, तो धंदा आत्ता त्या माणसाच्या थकव्यावर चालला आहे, आणि ती सवलत द्यायचीच असेल तर सरकारने ती आपल्या तिजोरीतून, व्यवसाय करात किंवा वीजदरात द्यावी. दुकानदाराला दिलेल्या सवलतीचे पैसे त्याच्या नोकराच्या खिशातून काढणे न्यायाचे नाही. शिवाय यात प्रामाणिक दुकानदाराचेच नुकसान आहे. जो आपणहून नऊ तासांत माणसे सोडतो आणि आठवड्याची सुट्टी देतो, त्याला शेजारी तेरा तास दुकान चालवणाऱ्याशी भावात टक्कर द्यावी लागते. सगळ्यांना सारखा नियम असला की ही स्पर्धा माणूस किती पिळता येतो यावर ठरत नाही.

तिसरा आक्षेप कायद्याच्या जाणकारांचा असतो: दुकान कायदा लागू नसला म्हणून काय झाले, किमान वेतन सगळ्यांना आहेच. हे बरोबर आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या, त्यांतली वेतन संहिता लहान-मोठा भेद न करता सर्व कामगारांना लागू आहे आणि किमान वेतनाच्या संदर्भात कामाचे तास व साप्ताहिक सुट्टी ठरवण्याचा अधिकारही तिने सरकारला दिला आहे. पण व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याची संहिता मुख्यतः दहापासून पुढेच, राज्य कामगार विमा सक्तीने दहापासून पुढे, भविष्यनिर्वाह निधी वीसपासून पुढे. जे सर्वांना आहे तेही मागायचे कसे? कामगार आयुक्तांच्या कार्यालयात किंवा न्यायालयात गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न येतो तो, तू तिथे कामाला होतास हे दाखव. मालकाने ‘हा आमच्याकडे कधी नव्हताच’ म्हटले की नोकरी सिद्ध करण्याचा भार कामगारावर पडतो. हजेरीपत्रक मालकाचे, वही मालकाची, पगार रोखीत. कामगाराकडे असतो तो फार तर दुकानात काढलेला एखादा मोबाइल फोटो. म्हणून नोंदणीतले नाव ही कागदी औपचारिकता ठरत नाही. बाकीचे सगळे कायदे ज्या दारातून आत येतात ते दार तेच आहे. मालकालाही तो कागद उपयोगी आहे. मोठी उचल घेऊन माणूस निघून गेला किंवा काम सोडल्यावर भलताच दावा घेऊन आला, तर रुजू झाल्याची तारीख, ठरलेला पगार आणि दिलेली रक्कम यांची नोंद त्याच्याही बाजूने बोलते.

लहान ठिकाणी मालक-नोकर घरच्यासारखे असतात, तिथे कायदा आणला की नात्यात कडवटपणा येतो, असेही म्हटले जाते. असा ओलावा अनेक दुकानांत असतो, यात शंका नाही. मुलीच्या लग्नाला पैसे देणारे आणि दवाखान्यात रात्र काढणारे मालक आहेत. पण त्या ओलाव्यावर हक्क सांगता येत नाही. मालकाच्या मुलाने गादी सांभाळली की तो आटूही शकतो. घरच्यासारखे वागवणाऱ्याला कायद्याने काही वेगळे करावे लागत नाही, कारण किमान पायरी तो आधीच ओलांडून गेलेला असतो.

हक्क सर्वांना सारखे आणि यंत्रणा आकारानुसार वेगळी, हे सूत्र आपल्याकडे नवे नाही. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा पाहा. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमायची. दहाच्या आत असतील तर समितीचे ओझे मालकावर टाकलेले नाही, पण म्हणून तिथल्या स्त्रीचे संरक्षण काढून घेतलेले नाही. तिने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. समित्या नीट चालतात का, हा वेगळा वाद आहे. कायद्याची मांडणी मात्र बरोबर आहे. महाराष्ट्राने १९६९ मध्ये केलेला माथाडी कायदा याहून पुढे गेला. हमाल आज या गाळ्यावर तर उद्या त्या गाळ्यावर; एका व्यापाऱ्याकडे किती हमाल हे मोजण्यात अर्थ नव्हता. म्हणून मंडळ केले, हमालांची नोंदणी केली आणि व्यापाऱ्याने मजुरी व लेव्ही मंडळात भरायची असे ठरवले. अण्णासाहेब पाटील आणि बाबा आढाव यांच्यासारख्यांनी ज्यांना संघटित केले, त्या माणसांना हे मिळाले. या व्यवस्थेत पुढे शिरलेल्या दादागिरीच्या तक्रारीही आहेत, पण मालक लहान म्हणून कामगार हक्काबाहेर, हा विचार त्या कायद्याने केला नाही. केरळने २०१८ मध्ये दुकान कायद्यात दुरुस्ती करून कामगाराला कामाच्या वेळात बसायला जागा देणे बंधनकारक केले. कोळिकोडच्या कापडदुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या स्त्रियांनी त्यासाठी लढा दिला होता. स्टुलाची सक्ती झाली म्हणून केरळची कापडदुकाने बंद पडली नाहीत.

मग करायचे काय? ज्याच्याकडे पगारी माणूस नाही त्याला आजची पोचपावती पुरे. ज्याने एकही माणूस पगारावर ठेवला, त्याच्यासाठी मोबाइलवर भरता येईल असा एक पानाचा, विनाशुल्क अर्ज असावा. त्यात प्रत्येक कामगाराचे नाव, ई-श्रम क्रमांक, रुजू झाल्याची तारीख, ठरलेला पगार आणि सुट्टीचा वार एवढेच असावे. अर्ज भरला की कामगाराच्या फोनवर मराठीत संदेश जावा आणि तोच त्याचे नियुक्तिपत्र मानला जावा. माणूस बदलला की मालकाने नोंद बदलावी. दोन मिनिटांचे काम आहे. त्याबरोबर पहिल्या माणसापासून लागू होतील असे मोजके हक्क कायद्यात यावेत: आठवड्याची भरपगारी सुट्टी, तासांची मर्यादा आणि जादा कामाचा दुप्पट मोबदला, आठ सुट्ट्या व आठ रजा, पगाराची पावती, बसायला जागा आणि स्वच्छतागृहाची सोय. अर्जित रजेचा साठा, पाळणाघर, उपाहारगृह, मोठ्या नोंदवह्या हे सारे आकार वाढेल तसे वाढत जावे. नोंदवह्या, विवरणपत्रे आणि नूतनीकरण यांतून लहान मालकाला पूर्ण सूट द्यावी. म्हणजे पगाराची पावती सोडली तर त्याच्यावर आज आहे त्याहून एकच कागदी काम वाढेल, आणि ते म्हणजे आपल्या माणसांची नावे सांगणे.

यातल्या पहिल्या भागासाठी कायदा बदलण्याचीही वाट पाहावी लागणार नाही. पोचपावतीच्या अर्जाचा नमुना नियमांत आहे आणि नियम दुरुस्त करणे शासनाच्या हातात आहे. कामगारांच्या संख्येच्या रकान्याखाली नावांचे रकाने घालणे आणि ते ई-श्रमशी जोडणे, इतके तरी कामगार विभागाने करावे. हक्कांचा भाग विधिमंडळात जाईल, तिथे व्यापारी संघटना बोलतील आणि त्यांनी बोललेच पाहिजे. पण त्या चर्चेत कामगार संघटनांनीही एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी: मोठ्या कारखान्यांतल्या करारांवर त्यांची ताकद खर्च झाली आणि दोन-चार माणसांच्या दुकानांकडे त्यांनीही फारसे पाहिले नाही. ‘व्यवसाय सुलभता’ या शब्दाला आज राजकारणात सर्व बाजूंनी मान आहे. तो मान टिकवायचा असेल तर सुलभतेचे माप दुकान उघडायला किती कागद लागतात, एवढेच ठेवून चालणार नाही. त्या दुकानात कामाला लागलेल्या माणसाला आपला पगार, आपली सुट्टी आणि आपली नोकरी सिद्ध करायला किती सायास पडतात, हेही त्याच मापाने मोजले पाहिजे, आणि दहा किंवा वीस हा आकडा त्या मोजणीच्या आड येता कामा नये.